प्रबंध कशावर लिहायचा, शोधनिबंध कशावर वाचायचे?

प्रश्न: मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि सोबत पीएचडीचं काम चालू आहे. माझा विंडोजचा लॅपटॉप सहा वर्षांचा झाला. सुरू व्हायला फार वेळ घेतो, पंखा सतत आवाज करतो, चार्जर काढला की तासाभरात मान टाकतो. नवा आयपॅड एअर हाताळून पाहिला आणि मनात भरला. कीबोर्ड लावला की हाच तुमचा लॅपटॉप, असं विक्रेत्याने सांगितलं. मुलगा म्हणतो, सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब घे, पेन सोबतच येतं. सहकारी म्हणतात, सरफेस प्रो घ्या, त्यात पूर्ण विंडोज आहे. भावाच्या मते टॅबलेट हे खेळणं आहे, मुकाट्याने लॅपटॉप घ्यावा. माझं काम म्हणजे शोधनिबंध वाचणं, वर्डमध्ये प्रबंध लिहिणं (संदर्भांसाठी झोटेरो वापरते), एक्सेल, थोडं आर (आकडेवारीच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर), ऑनलाइन तास आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासणं. पैसे एकदाच घालायचे आहेत. काय घेऊ?

उत्तर: तुम्ही कामांची यादी दिलीत हे फार बरं केलंत. या विषयावरच्या बहुतेक पत्रांत चिपचं नाव असतं, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल असतात, आणि त्या यंत्रावर करायचं काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. तुमची यादी वाचून माझं मत ठाम झालं आहे. प्रबंध सादर होईपर्यंत तुमचं मुख्य यंत्र लॅपटॉपच राहू द्या. टॅबलेट घ्यायचा की नाही हा त्यानंतरचा प्रश्न आहे, आणि तुमच्या बाबतीत त्याचं उत्तर ‘घ्या’ असंही असू शकतं. पण लॅपटॉपच्या जागी नाही.

तुमची बरीचशी कामं कुठलाही चांगला टॅबलेट उत्तम करेल. निबंध वाचणं, त्यावर खुणा करणं, ऑनलाइन तास, प्रकल्प तपासून शेरे लिहिणं ही तर तो लॅपटॉपपेक्षा सुखाने करेल. घोडं अडतं ते उरलेल्या दोन-तीन ठिकाणी. आणि ही ठिकाणं नेमकी तुमच्या प्रबंधाच्या वाटेवर आहेत.

झोटेरोचंच घ्या. आयपॅडवर झोटेरोचं अ‍ॅप आहे आणि ते चांगलं आहे. त्यात पीडीएफ वाचता येतात, ओळी रंगवता येतात, टिपा लॅपटॉपवरच्या संग्रहात आपोआप पोहोचतात. पण वर्डमध्ये लिहिता लिहिता संदर्भ घालणारं आणि शेवटी ग्रंथसूची तयार करणारं जे झोटेरोचं प्लगइन आहे, ते फक्त विंडोज आणि मॅकवर चालतं. टॅबलेटवरच्या वर्डमध्ये ते बसत नाही. म्हणजे प्रबंधाचा मजकूर टॅबलेटवर लिहिता येईल, पण शेकडो संदर्भ सांभाळण्याचं काम पुन्हा संगणकावरच येणार.

एक्सेलची गोष्टही अशीच. साधी कोष्टकं, आलेख, सूत्रं ठीक चालतात, आणि २०२४ पासून आयपॅडवर पिव्होट टेबलही (आकडे गटवार गोळा करून दाखवणारी कोष्टकं) बनवता येतात. पण एक्सेलच्या व्हीबीए या भाषेत लिहिलेले मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, ना आयपॅडवर चालतात ना अँड्रॉइडवर. तुमच्या विभागात कुणी गुणपत्रकासाठी मॅक्रो असलेली फाईल वापरत असेल, तर ती उघडेल, दिसेल, पण तिचं बटण दाबल्यावर काहीही होणार नाही. आर तर या दोन्ही प्रकारच्या टॅबलेटांसाठी अधिकृतपणे उपलब्धच नाही. ब्राउझरमधून दूरच्या संगणकावर ते चालवता येतं, पण त्यासाठी इंटरनेट अखंड लागतं आणि आपली माहिती तिकडे चढवावी लागते. सर्वेक्षणात लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती तुमच्याकडे असेल, तर ती अशी चढवण्याआधी मार्गदर्शकांना जरूर विचारा.

यात आयपॅडचा हार्डवेअर म्हणून काही दोष नाही. एअरमध्ये बसवलेली एम मालिकेची चिप अ‍ॅपलच्या लॅपटॉपांतही असते, ताकद भरपूर आहे. अडथळा आहे तो त्यावर काय चालू दिलं जातं याचा. म्हणून वेगाच्या चाचण्यांचे आकडे तुमच्या निर्णयात जवळपास निरुपयोगी आहेत. दोन टॅबलेटांपैकी कोणता वीस टक्के वेगवान, यापेक्षा तुमचं संदर्भांचं प्लगइन कुठे बसतं हे हजारपटीने महत्त्वाचं.

आता विक्रेत्याच्या वाक्याकडे येते. ‘कीबोर्ड लावला की लॅपटॉप’ हे सुरुवातीपासून असं नव्हतं. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला आयपॅड दाखवला तेव्हा त्यांनी तो स्मार्टफोन आणि लॅपटॉप यांच्या मधल्या जागेचं तिसरं यंत्र म्हणून मांडला होता, आणि काही ठरावीक कामं तो या दोघांपेक्षा चांगली करत असेल तरच त्याला अर्थ आहे, असं सांगितलं होतं. मला आजही ही कसोटी पटते. नंतर टॅबलेट लॅपटॉपची जागा घेईल अशी भाषा सुरू झाली. २०१५ मध्ये आयपॅडचं पेन, म्हणजे ‘पेन्सिल’, आलं, २०१९ मध्ये आयपॅडची प्रणाली आयफोनपासून वेगळी झाली, २०२० मध्ये ट्रॅकपॅड चालू लागला, आणि २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये खिडक्या हव्या तशा लहानमोठ्या करून एकमेकींवर ठेवण्याची सोय आली. सुधारणा खऱ्या आहेत, आणि ज्याचं काम मेल, लेख, चित्रं, फोटो, व्हिडिओ एवढ्यात भागतं त्याला आज आयपॅड एकट्याने पुरतो. तुमचं तेवढ्यात भागत नाही.

शिवाय कीबोर्ड लावल्यावर टॅबलेटचा मोठा गुण, म्हणजे हलकेपणा, बराचसा निघून जातो. २०२० मध्ये १२.९ इंची आयपॅड प्रो आणि त्याचा मॅजिक कीबोर्ड यांचं एकत्र वजन त्याच वर्षीच्या मॅकबुक एअरपेक्षा जास्त भरलं होतं. खर्चाचंही तसंच होतं. नुसत्या टॅबलेटची किंमत लॅपटॉपशेजारी ठेवू नका. टॅबलेट, कीबोर्ड, पेन, वाढीव स्टोरेज आणि सॉफ्टवेअरचं सदस्यत्व हे सगळं एका कागदावर मांडा आणि मग तुलना करा. सदस्यत्वाचा मुद्दा लोकांच्या लक्षातच येत नाही: मायक्रोसॉफ्टच्या वर्ड-एक्सेलमध्ये फाईल फुकट संपादित करण्याची मुभा साधारण १०.१ इंचांपर्यंतच्या स्क्रीनला आहे, त्याहून मोठ्या टॅबलेटवर सदस्यत्व लागतं. महाविद्यालयाकडून तुम्हाला ते मिळत असेल तर प्रश्न मिटला, पण आधी विचारून घ्या.

तुमच्या मुलाचं म्हणणं मला आवडलं, कारण त्याने एक खरी गोष्ट हेरली आहे. गॅलॅक्सी टॅब एस मालिकेत पेन डब्यातच येतं आणि त्या पेनाला लिहिण्यासाठी चार्जिंग लागत नाही. आयपॅडचं पेन वेगळं विकत घ्यावं लागतं, ते चार्ज करावं लागतं, आणि कोणतं पेन कोणत्या आयपॅडवर चालतं याचा गोंधळ एवढा आहे की घेण्याआधी मॉडेल जुळवून पाहावंच लागतं. सॅमसंगच्या या टॅबलेटांत मेमरी कार्डाची जागाही असते, जी आयपॅडमध्ये कधीच नव्हती. आणि २०२४ च्या टॅब एस१० पासून सॅमसंगने सात वर्षं अपडेट देण्याचं कबूल केलं आहे, ही अँड्रॉइडच्या दुनियेत मोठी गोष्ट आहे. त्याच्या ‘डेक्स’ या सोयीने स्क्रीन संगणकासारखी मांडता येते. पण झोटेरोचं प्लगइन, मॅक्रो आणि आर यांच्या बाबतीत तो आयपॅडच्याच रांगेत उभा आहे. लॅपटॉपची जागा तोही घेत नाही.

सहकाऱ्यांचा सरफेस प्रो हा या तिघांत एकमेव पर्याय आहे जो तुमची सगळी कामं एका यंत्रावर करू शकेल, कारण त्यात खरंच पूर्ण विंडोज असतं. तरी दोन गोष्टी तपासा. २०२४ पासूनच्या बऱ्याच सरफेसमध्ये इंटेलऐवजी क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन चिप आहे. जुनी विंडोज सॉफ्टवेअर त्यावर भाषांतर करून चालवली जातात आणि बहुतेक चालतात, पण प्रिंटर, स्कॅनर किंवा सुरक्षा-की यांचे ड्रायव्हर (उपकरण चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) त्या चिपसाठी वेगळे बनवलेले नसतील तर ते उपकरण चालतच नाही. विंडोजचं नाव असलं म्हणजे सगळं चालेल हे गृहीत धरू नये. २०१२ च्या पहिल्या सरफेसमधल्या विंडोज आरटीवर जुनी डेस्कटॉप सॉफ्टवेअर मुळीच चालत नव्हती, आणि न खपलेल्या त्या टॅबलेटांपायी पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टला ९० कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला. आजची स्थिती त्या मानाने फारच चांगली आहे. दुसरी गोष्ट बसण्याची. सरफेस मागच्या टेकूवर उभा राहतो, त्याला टेबल हवं. मांडीवर घेऊन तासन् तास टाइप करणाऱ्याला तो लॅपटॉपइतका स्थिर वाटत नाही. कीबोर्ड आणि पेन इथेही सहसा वेगळेच घ्यावे लागतात. हातात धरून वाचायला तो साध्या टॅबलेटच्या मानाने जड आहे, आणि तुमचं वाचन खूप आहे.

आता तुमच्या जुन्या लॅपटॉपकडे वळू. पत्रात त्याच्याबद्दल जे लिहिलंत ते वाचून मला तो संपलेला वाटत नाही. सुरू व्हायला फार वेळ लागतो, म्हणजे बहुधा आत जुनी फिरती हार्ड डिस्क आहे किंवा रॅम तोकडी पडते आहे. तासाभराची बॅटरी म्हणजे बॅटरीचं आयुष्य सरलं. पंख्याचा आवाज म्हणजे आत धूळ, आणि चिपवरचा उष्णता वाहून नेणारा लेप वाळलेला. या सगळ्यांवर इलाज आहे: हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क), नवी बॅटरी, आतली सफाई, नवा लेप, आणि जागा असेल तर रॅम १६ जीबी. यातल्या एकट्या एसएसडीने जो फरक पडतो तो पाहून माणसं नवं यंत्र घ्यायचा बेत सोडतात. हा खर्च नव्या यंत्राच्या मानाने अगदी थोडा असतो.

विंडोजचंही पाहून घ्या. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची सोय) आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढची चिप लागते. सहा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा ती असते. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे लगेच सांगतं.

आणि एक कळकळीची विनंती. लॅपटॉप कुणाच्याही हाती देण्याआधी प्रबंधाची, झोटेरोच्या संग्रहाची आणि आकडेवारीची प्रत दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. एक बाहेरच्या ड्राइव्हवर, एक क्लाउडवर. दोन्ही प्रती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा, फाईल नुसती दिसली म्हणून समाधान मानू नका. वर्षानुवर्षांचं काम एका जुन्या डिस्कवर ठेवून तुम्ही वावरत असाल तर ही गोष्ट खरेदीच्याही आधी, आज संध्याकाळी करण्याची आहे.

लॅपटॉप असा मार्गी लागला की उरलेल्या पैशांत टॅबलेट घेण्याला मला अर्थ दिसतो. तोही वाचनासाठी, कीबोर्डशिवाय. तुमच्यासारख्या संशोधकाला टॅबलेट जे देतो ते लॅपटॉप देऊ शकत नाही: पान उभं धरता येतं, पेनाने समासात लिहिता येतं, मेलची खिडकी डोळ्यांसमोर तरळत नाही. पीएचडीच्या काळात दिवसाचे कित्येक तास वाचनात जातात आणि ते तास सुखाचे झाले तर लिखाणावर त्याचा परिणाम होतोच.

इथे मात्र स्क्रीनच्या मापाकडे नीट लक्ष द्या, कारण जाहिरातीत फक्त इंच सांगतात, आकाराचं प्रमाण सांगत नाहीत. शोधनिबंध बहुतेक ए४ किंवा त्याच्या आसपासच्या पानावर मांडलेले असतात, आणि ए४ चं पान २१० मिलिमीटर रुंद असतं. ११ इंची आयपॅड उभा धरला तर स्क्रीनची रुंदी साधारण १५८ मिलिमीटर, म्हणजे पान मूळ आकाराच्या तीन-चतुर्थांश होतं. ११ इंची गॅलॅक्सी टॅबची स्क्रीन अधिक लांबट असते, उभी धरल्यावर रुंदी १४८ च्या आसपास, म्हणजे पान सुमारे ७० टक्के. दोन्हीही ११ इंचच, पण तळटिपा वाचताना हा फरक डोळ्यांना कळतो. दोन स्तंभांत छापलेला निबंध असला की सारखं बोटांनी मोठं करावं लागतं आणि तंद्री मोडते. १३ इंची आयपॅडवर तेच पान रुंदीभर पसरवलं तर सुमारे ९४ टक्के दिसतं, जवळपास छापील कागदाइतकंच. लांबट स्क्रीन सिनेमा पाहायला छान, पण तुमचं वाचन ए४ वर आहे.

म्हणून माझा कौल १३ इंची एअरकडे झुकतो. वजन सुमारे ६१६ ग्रॅम आहे. एका हातात धरून फार वेळ वाचवत नाही, उतरत्या पाटीवर टेकवून मात्र मजेत वाचता येतं. त्यासोबत यूएसबी-सीचं साधं पेन पुरे. ते दाब ओळखत नाही, त्यामुळे चित्रकाराला चालणार नाही, पण ओळी रंगवायला आणि शेरे लिहायला दाब लागतच नाही. हे बजेटच्या बाहेर जात असेल तर साधा आयपॅडही वाचनाला चांगला आहे. त्याच्या काचेच्या आणि चित्राच्या मध्ये किंचित पोकळी असते, पेन टेकवताना ती जाणवते, नंतर सवय होते. तुमच्या मुलाला आणि तुम्हाला एकच टॅबलेट वापरायचा असेल, सिनेमेही पाहायचे असतील, तर गॅलॅक्सी टॅब एस मालिकेला माझी हरकत नाही. अगदी स्वस्त अँड्रॉइड टॅबलेट मात्र टाळा. त्यांत बऱ्याचदा ४ जीबी रॅम आणि ईएमएमसी प्रकारचं संथ स्टोरेज असतं, अपडेट लवकर थांबतात, आणि अनेकांच्या यूएसबी-सी खाचेतून प्रोजेक्टरला चित्र जात नाही. वर्गात फळ्याऐवजी टॅबलेटवर लिहून दाखवायचा तुमचा विचार असेल तर नेमकं तिथेच अडेल.

वापरून पाहण्याची संधी मिळाली तर दुकानातले नमुना व्हिडिओ पाहू नका. तुमच्या प्रबंधाचं सर्वांत अवघड प्रकरण, दोन स्तंभांतला एखादा निबंध आणि सर्वांत मोठी एक्सेल फाईल सोबत न्या. एखाद्या सहकाऱ्याचा टॅबलेट संध्याकाळपुरता मिळाला तर आणखी उत्तम. त्यावर खरोखरचे पाच-सहा प्रकल्प तपासा. हात कुठे अडतो ते लगेच कळेल.

लॅपटॉप दुरुस्त होण्यापलीकडे गेला असेल तर टॅबलेटचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि सगळे पैसे नव्या लॅपटॉपमध्ये घाला. रॅम १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नका, कारण आता बहुतेक पातळ लॅपटॉपांत ती नंतर वाढवता येत नाही. पंख्याच्या आवाजाने तुम्ही वैतागला आहात म्हणून सांगते, एम मालिकेच्या चिपवरच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नसतो आणि २०२४ च्या अखेरीपासून त्यात किमान १६ जीबी रॅम मिळते. वर्ड, झोटेरोचं प्लगइन, आर हे सगळं त्यावर व्यवस्थित चालतं. मॅक्रो असलेल्या फाइली मात्र मॅकच्या एक्सेलवर एकदा चालवून पाहा, विंडोजसाठी लिहिलेला एखादा मॅक्रो तिथे रुसू शकतो. विंडोजमध्येच राहायचं असेल तर तेही उत्तमच, तुमची बोटं त्याला सरावलेली आहेत आणि प्रबंधाच्या शेवटच्या टप्प्यात नवी प्रणाली शिकण्यात वेळ न गेलेला बरा.

दुरुस्तीत काय निघालं ते जरूर कळवा. लॅपटॉपचं मॉडेल, त्यातली चिप आणि रॅम किती आहे एवढं लिहिलंत, तर एसएसडी कोणत्या प्रकारची बसेल आणि रॅम वाढते की नाही हे मी पुढच्या वेळी नेमकं सांगू शकेन.